शेंडेनक्षत्राचे रंग

सुमेधा गर्गे कॉलेजातून निवृत्त झाली त्या दिवशी फिजिक्सच्या लॅबमध्ये तिचा छोटासा निरोपसमारंभ झाला. शाल झाली, नारळ झाला, मुलांनी सामोसे आणले होते. दोन शब्द बोला म्हणून सगळे मागे लागले तेव्हा ती उभी राहिली, "सोडियमचा दिवा बंद केल्यावर गार होऊ द्या, मगच हात लावा," एवढं म्हणाली आणि खाली बसली. मुलं खो खो हसली. ती मात्र मनापासून बोलली होती. तीसेक वर्षं ती त्या लॅबची सहायक होती. अंधाऱ्या खोलीत मुलांना प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणं हे तिचं काम, आणि त्या कामाचा तिला कधीच कंटाळा आला नाही.

घरी बसायला लागल्यावर तिनं कपाटं आवरायला काढली. नवरा विश्वेश बँकेतून आधीच निवृत्त झालेला. तो म्हणाला, "तू अशीच आवरत राहिलीस तर माझे मोजे मला या जन्मी सापडायचे नाहीत." ती हसली, पण तिचं मन कशात लागत नव्हतं. आणि मग दोन हजार चोवीसच्या मार्चमध्ये, होळीच्या आदल्या दिवशी, फोनवर एक मेसेज आला.

"सुमेधा, पॉन्स-ब्रूक्स धूमकेतू येतोय. एकाहत्तर वर्षांनी. संध्याकाळी पश्चिमेला दिसेल. माझ्या मळ्यातून पेठच्या डोंगरांकडचं आभाळ अजून काळंभोर आहे. रंग काढायचे का? – दीपक निरगुडे."

तिनं तो मेसेज वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"दीपकचा मेसेज आलाय," ती विश्वेशला म्हणाली.

"कोण दीपक?"

"हॅलीचा दीपक."

"अच्छा! ते फोटो कचऱ्यात गेले तो!" विश्वेशनं पेपर खाली ठेवला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं त्याला ती सगळी हकिकत सांगितली होती, आणि पुढे घरी कुणीही पाहुणा आला की तो तीच हकिकत तिच्याकडून पुन्हा सांगवून घ्यायचा.

हकिकत शहाऐंशी सालची. सुमेधा तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि दीपक तिच्या वर्गात. तो दिंडोरीकडचा, होस्टेलवर राहायचा. वडिलांनी नुकतीच द्राक्षाची बाग लावली होती. सुमेधा पंचवटीतली. तिचे वडील नाना रामकुंडावर यात्रेकरूंची धार्मिक कामं करायचे. त्या वर्षी हॅलीचा धूमकेतू आला आणि रामकुंडावर एकच चर्चा सुरू झाली. शेंडेनक्षत्र उगवलं म्हणजे काहीतरी अरिष्ट येणार, अशी लोकांना धास्ती. एका बाईनं नानांना विचारलं, "गुरुजी, याची काही शांत करावी लागंल का?"

नाना शांतपणे म्हणाले, "अहो, तो शहात्तर वर्षांनी एकदा येतो, बघतो आणि जातो. पाहुण्याची कसली शांत करता? पहाटे उठून बघा, नमस्कार करा. पुन्हा आपल्याला दिसायचा नाही."

घरी आल्यावर त्यांनी हेच सुमेधाला सांगितलं, आणि तिनं संधी साधून विषय काढला. तिला आणि दीपकला धूमकेतू नुसता बघायचा नव्हता. त्याच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून फोटो काढायचा होता. लॅबमध्ये बारीक रेघा ओढलेली एक काच होती, ग्रेटिंग म्हणतात तिला. ती काच कॅमेऱ्यापुढे धरली की उजेडाचे रंग पसरतात आणि उजळणाऱ्या वायूची ओळख पटते. सरांनी काच द्यायचं कबूल केलं होतं. दीपकच्या मामाचा याशिका कॅमेरा होता. अडचण एकच. धूमकेतू दिसायचा उजाडण्यापूर्वी, आणि गावातून नाही, पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या माळावरून. कॉलेजातल्या मुलीनं अशा वेळी एका मुलाबरोबर तिथे जायचं म्हणजे पंचवटीत चार दिवस पुरेल एवढा विषय झाला असता.

"मी येतो की," नाना म्हणाले. "तसाही मी चार वाजता उठतोच."

मग मार्चमध्ये रोज पहाटे नाना लुना चालवायचे, मागे सुमेधा मांडीवर फळ्या घेऊन बसायची आणि दीपक सायकल हाणत पोचायचा. फळ्या दोनच, एका बिजागरीनं जोडलेल्या. वरच्या फळीवर कॅमेरा. खालचा स्क्रू सावकाश फिरवला की वरची फळी उचलली जायची आणि आभाळाच्या चालीनं कॅमेरा सरकायचा. हे यंत्र दीपकनं गावच्या सुताराकडून करून आणलं होतं. स्क्रू सुमेधा फिरवायची, शटर दीपक सांभाळायचा. प्रश्न वेळेचा होता. अंधारात घड्याळ दिसेना, आणि बॅटरी लावली तर डोळे दिपायचे.

"किती वेळ उघडं ठेवायचं असतं तुमचं ते?" नानांनी विचारलं.

"चार मिनिटं, काका," दीपक म्हणाला.

"मग माझं एक स्तोत्र बरोबर तेवढं होतं. मी सुरू करतो, संपलं की बंद कर."

तिथून पुढे प्रत्येक फोटोला नानांचं एक स्तोत्र असा हिशेब बसला. माळावर वारा सुटलेला, खाली आग्रा रोडवरून एखादा ट्रक जायचा, आणि नाना खडकावर मांडी घालून खणखणीत म्हणत असायचे. सुमेधा स्क्रू फिरवता फिरवता मान वर करायची. आग्नेयेला शेपटी पसरून तो धूमकेतू उभा असायचा, पुसट, कुणी आभाळावरून ओलं बोट ओढल्यासारखा. इतक्या वर्षांनी आजही डोळे मिटले की तिला ते आभाळ दिसायचं, आणि गारठलेल्या बोटांना स्क्रूचं लोखंड जाणवायचं.

रोल संपला. दीपकनं तो अशोकस्तंभाकडच्या एका फोटो स्टुडिओत धुवायला टाकला. दोन दिवसांनी दोघं आणायला गेले तर स्टुडिओवाला हात हलवत म्हणाला, "सगळा रोल बाद निघाला हो. कॅमेरा हलला तुमचा. एक फोटो धड नाही, नुसते रंगीत फराटे. मी काय तसलं गिऱ्हाइकाला देत नाही, टाकून दिलं."

"रंगीत फराटे?" सुमेधाचा आवाज चिरकला. "म्हणजे रंग दिसत होते?"

"लाल, हिरवे, निळे. सांगतो ना, वाया गेला."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तेच फराटे तर त्यांना हवे होते! स्टुडिओमागच्या कचऱ्यापाशी ते धावत गेले, पण नगरपालिकेची गाडी सकाळीच येऊन गेली होती. दीपक तिथेच पायरीवर बसला. सुमेधाला रडू फुटलं, आणि रडता रडताच हसूही आलं. फोटो साधले होते, हे त्यांना कळलं ते फोटो गेल्यावर.

एप्रिलमध्ये पुन्हा प्रयत्न करायचं ठरलं, पण दीपकच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. घरातला थोरला तोच. परीक्षा कशीबशी देऊन तो गावी निघाला. सुमेधा त्याला सोडायला सीबीएस स्टँडवर गेली होती. बसच्या खिडकीतून तो म्हणाला, "हॅली परत आला की काढू."

"म्हणजे दोन हजार एकसष्ट!"

"मग काय? तोवर लॅबच्या किल्ल्या तुझ्याच हातात असतील. काच मागायला कुणाकडे जावं लागायचं नाय."

बस निघाली. दीपक शेवटच्या वर्षाला आलाच नाही. त्यानं बाग सांभाळली, बहिणींची लग्नं केली, स्वतःचं केलं. सुमेधाला खरोखरच लॅबच्या किल्ल्या मिळाल्या. लग्नाच्या पत्रिका इकडून तिकडे गेल्या. नाना गेले तेव्हा दीपक दहाव्याला घाटावर आला होता. निघताना एवढंच म्हणाला, "काकांचा आवाज अजून कानात हाय."

बस, इतकंच. आणि आता हा मेसेज.

मार्च संपत आला होता. पौर्णिमा उलटली, संध्याकाळचं आभाळ काळोखं झालं आणि विश्वेशनं गाडी दिंडोरीच्या रस्त्याला घातली. मागच्या सीटवर सुमेधाची मोठी द्विनेत्री दुर्बीण, कॅमेरा, आणि लेन्सवर बसवायचं रुपयाएवढं नवं ग्रेटिंग. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा लागल्या. काही ठिकाणी तोडा चालू होता, क्रेट भरलेले ट्रॅक्टर धूळ उडवत येत होते.

मळ्याच्या फाटकाशी एक जाडसर, पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता. सुमेधानं त्याला हातांवरून ओळखलं. उभं राहताना हात मागे बांधायची सवय तशीच होती.

"या, या मॅडम," दीपक म्हणाला.

"मॅडम काय म्हणतोस? रस्ता चुकले वाटेल मला."

तो लाजल्यासारखा हसला. "चाळीस वर्षांनी तोंडावर एकदम 'तू' निघंना बघ."

त्याची बायको उज्वला पाण्याचे तांबे घेऊन आली. ठसठशीत बाई, बोलायला मोकळी. "ताई, तुमचा आन् त्या कचऱ्याच्या गाडीचा किस्सा मला तोंडपाठ हाय," ती म्हणाली. विश्वेशला हे ऐकून फार बरं वाटलं. या घरातही तीच हकिकत चालत होती तर!

सूर्य पेठच्या डोंगरांमागे गेला. बांधावर गाद्या टाकल्या होत्या. अंधार दाटला तशी सुमेधानं दुर्बीण मेष राशीकडे वळवली आणि हळूहळू खाली आणली. तारे, पुन्हा तारे, आणि मग एक तारा जो तारा नव्हता. कडा नसलेला, मऊ, पिंजलेल्या कापसाच्या बोळ्यासारखा. तिनं दुर्बीण तिथेच धरून ठेवली.

"सापडला?" दीपकनं विचारलं.

तिनं नुसती दुर्बीण त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मागच्या खेपेला हा आला तेव्हा आपण जन्मलेलोच नव्हतो. पुढच्या खेपेला नसू. मधे बरोबर गाठ पडली."

सुमेधानं तेज मोजायला घेतलं. पद्धत जुनीच. दुर्बिणीचा फोकस मुद्दाम थोडा बिघडवायचा, म्हणजे ताऱ्यांचेही धूमकेतूएवढे धूसर गोळे होतात, आणि मग गोळ्याशी गोळा ताडून बघायचा. या ताऱ्याहून उजळ, त्याहून मंद. आकडा जितका मोठा तितकं तेज कमी. "चार पूर्णांक सहा," ती म्हणाली. दीपकनं बघून पाच सांगितलं. दोघांचं त्यावर कॉलेजातल्यासारखं जुंपलं. विश्वेश उज्वलेला म्हणाला, "वहिनी, चहा टाका, हे आता लवकर मिटत नाही."

रंग मात्र त्या दिवशी आले नाहीत. वारा होता, कॅमेरा थरथरत होता, आणि तोड्याच्या धुळीनं क्षितिज मळून गेलं होतं. तोवर धूमकेतू खाली उतरून डोंगरात गेला. दीपकचा चेहरा पडला. "उद्या बघू," सुमेधा म्हणाली.

दुसऱ्यांदा ती गेली तो रंगपंचमीचा दिवस. पंचवटीतल्या भावाकडे सकाळी जाऊन आली होती, त्यामुळे तिच्या कानामागे हिरवा रंग तसाच राहिलेला. नेमकं पश्चिमेला ढग आले. चौघं बांधावर बसून राहिले, आज नाही तर नाही. विश्वेश आणि दीपक पंपाच्या नव्या मोटारीबद्दल बोलत विहिरीकडे गेले. उज्वला ताटात द्राक्षं घेऊन सुमेधाशेजारी बसली. मग तिनं विचारलं, "ताई, राग नका मानू. तुमचं आन् यांचं लग्न का नाय झालं?"

सुमेधाला असा थेट प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तिनं खरं काय ते आठवून पाहिलं.

"कुणी कुणाला विचारलंच नाही गं," ती म्हणाली. "आणि आम्ही दोघं बसलो की बघायचो वर. एकमेकांकडे बघायला सुचलं नाही."

"मग हुरहूर वाटते का कधी?"

"वाटते. पण ती त्याची नाही बहुतेक. त्या माळाची वाटते. नाना खडकावर बसलेत, मी वीस वर्षांची आहे, बोटं गारठलीयत, आणि आता काहीतरी मोठं होणार असं वाटतंय. तसं पुन्हा कधी वाटलं नाही."

उज्वलेनं मान हलवली. "मला वाटायचं हे आभाळाकडं बघत्यात तवा तुमचीच आठवण काढत्यात. दोनचार वर्षं मी त्याच्यावर भांडले पण." ती स्वतःशीच हसली. "मला बी शिकवा ना ते गोळे ताडायचं."

सुमेधानं तिला दुर्बीण कशी धरायची ते दाखवलं. ढगांच्या फटीतून जे दोनचार तारे दिसत होते त्यांच्यावरच सराव झाला. विहिरीकडून पुरुष परत आले तेव्हा दोघी गादीवर उताण्या पडून वाद घालत होत्या.

तिसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निघालं. धूमकेतू मेषेतल्या सगळ्यात ठळक ताऱ्याला जवळजवळ खेटून आला होता. दीपकनं कॅमेऱ्याला आडोसा म्हणून क्रेटची भिंत रचली. उज्वलेनं शेजारच्या वस्तीवर निरोप धाडून बाहेरचे दिवे बंद करायला लावले आणि घरातला मेन स्विचही पाडला. कॅमेऱ्याखालची मोटर आता आपोआप आभाळाची चाल धरत होती. दीपक म्हणाला, "काका असते तर म्हणाले असते, आता माझं काय काम?" सुमेधानं फोकस जुळवला, श्वास रोखला आणि बटण दाबलं.

फोटो सुरू झाले. पहिले काही गडद निघाले. तिनं वेळ वाढवली. मग लॅपटॉपवर एक फोटो उघडला आणि चौघं त्यावर वाकले.

ताऱ्याचा उजेड एका लांब रंगीत पट्टीत पसरला होता, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत, कुठे खंड नाही. आणि त्याच्या शेजारी धूमकेतूचे रंग. तिथे पट्टी नव्हती. वेगवेगळे गोळे होते. एक हिरवा, सगळ्यात ठळक. त्याच्या पलीकडे एक निळा. अलीकडे एक पिवळसर, असेल-नसेलसा.

"हे असं तुटक का हो?" उज्वलेनं विचारलं.

सुमेधाची नजर त्या हिरव्यावरून हटत नव्हती. दीपकच सांगू लागला. "ताऱ्यातून सगळे रंग येत्यात. हा मात्र वायूचा गोळा हाय. उन्हानं बर्फ उडतो, त्यातनं कार्बनचे जोडकण सुटतात, आन् ते ठराविक रंगातच उजळतात. ह्यो हिरवा त्यांचाच. हीच त्याची सही समज." त्यानं हात मागे बांधले आणि दोन पावलं बाजूला जाऊन द्राक्षाच्या ओळीत उभा राहिला.

सुमेधा त्याच्यामागे गेली.

"शहाऐंशीला असंच आलं असणार," तो म्हणाला. "हिरवा, निळा. त्या स्टुडिओवाल्यानं सांगितलं होतं ना, लाल, हिरवे, निळे."

"आलंच होतं," ती म्हणाली. "आज खात्री झाली."

दीपकनं वेलीचं एक पान खुडलं. "सुमेधा, मी शिक्षण सोडलं याचं मला वाईट वाटलं नाय कधी. बागेनं लय दिलं. पण तो रोल गेला ना, तेव्हा वाटलं की आपण खरंच काही केलं होतं का, का नुसता पोरखेळ? कुणाला दाखवणार? एवढं एक टोचत राहिलं."

"आता दाखव," सुमेधा म्हणाली. "आधी तुझ्या बायकोला नीट दाखव. मेन स्विच तिनं पाडलाय."

तो हसला. दोघं परत आले तेव्हा विश्वेश फोटोसमोर एकटाच बसून बघत होता. सुमेधाला तो म्हणाला, "इतकी वर्षं मी ही गोष्ट लोकांना हसण्यासाठी सांगत होतो. तुमचं काय हरवलं होतं ते मला कळलंच नव्हतं गं." तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बँकेतल्या माणसाकडून एवढं पुष्कळ झालं, असं तिला वाटलं, आणि तसं ती त्याला बोललीही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी फोटो आणि तेजाचे आकडे जगभरचे निरीक्षक पाठवतात तिथे पाठवले. निरीक्षक म्हणून सुमेधा आणि दीपक दोघांची नावं लागली. उज्वलेचे आकडे वेगळे पाठवायचे असं सुमेधानं ठरवलं, कारण तिसऱ्या दिवसानंतर उज्वला जवळजवळ रोज संध्याकाळी बांधावर बसत होती, आणि तिच्या आकड्यांत दिसलं तेवढंच सांगण्याचा सरळपणा होता. गुढीपाडव्याच्या सुमाराला धूमकेतू गुरूच्या दिशेनं सरकत खाली खाली गेला आणि मग संधिप्रकाशात मिसळून दिसेनासा झाला. बागेत तोड्यानंतरची खरड छाटणी सुरू झाली. दीपकला मान वर करायला फुरसत उरली नाही.

सुमेधाला वाटलं होतं की आता सगळं पुन्हा पूर्वीसारखं होईल, दिवाळीला एखादा मेसेज, एवढंच. पण तसं झालं नाही. उज्वला फोन करायची. कधी शुक्राबद्दल, कधी नुसतंच. कपाटं आवरायचं काम सुमेधानं मधेच सोडून दिलं. पंचवटीतल्या भावाच्या गच्चीवर रविवारी आसपासच्या मुली तिच्याकडे आभाळ बघायला जमू लागल्या. नानांच्या त्याच घरात आता दहाबाराजणी दुर्बिणीवरून भांडत असत.

ऑक्टोबरात आणखी एक धूमकेतू आला, या वेळी नवाच, गेल्याच वर्षी शोध लागलेला. सुमेधा स्वयंपाकघरात कुकर लावत होती. फोन वाजला.

"ताई," उज्वला धापा टाकत होती, "बाहेर या पटकन. पश्चिमेला, डोंगराच्या वर. शेपूट चांगली वीतभर हाय. हे अजून बागेतून आले नायत, मी पहिली बघितली!"

सुमेधानं गॅस बंद केला, विश्वेशला हाक मारली आणि गाडीची किल्ली शोधू लागली.